शेळी आणताय? मग दावी दोन घ्या

सासवडच्या पुढे आमची वीस गुंठे जमीन आहे. बांधाला सीताफळं, मधे अंजिराची बारा झाडं, एका कोपऱ्यात दोन खोल्या. राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेनं एक शेळी आणली. दुधाचा धंदा नव्हता, मटणाचा तर नव्हताच. घराला जाग हवी होती, अंगणात लेंडीखत हवं होतं आणि नातवंडांना सुट्टीत कुणीतरी दोस्त हवा होता, एवढंच. गोठा बांधला नव्हता, डॉक्टर माहीत नव्हता आणि शेळी पाला काय खाते, तर "काहीही" अशी माझी ठाम समजूत होती.

त्या रात्री मिरी (काळीभोर म्हणून मिरी) अकरापासून पहाटे चारपर्यंत ओरडली. दाव्याला पीळ घालून घालून तिनं गळा आवळून घेतला होता. मी टॉर्च घेऊन तिच्याशेजारी पोत्यावर बसून राहिले. सकाळी शेजारच्या आक्का आल्या, शेळीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकटं माणूस तरी झोपतं का गं परक्या घरात?" चौथ्या दिवशी दुसरी आणली. तिचं नाव अर्थातच जिरी. रात्रीचं ओरडणं त्या दिवसापासून थांबलं.

मी सगळं उलट्या क्रमानं केलं. खाली लिहिलाय तो सुलटा क्रम.

१. आधी ठरवा: किती आणि कोणत्या

कमीत कमी दोन. ही हौस नाही, गरज आहे. शेळी कळपातलं जनावर आहे. एकटी ठेवली की ती खात नाही, ओरडते, कुंपणातून वाट काढते. गाय शेजारी असली तरी फार उपयोग होत नाही, तिला शेरडूच लागतं.

पाळण्यासाठी म्हणून आणायच्या असतील तर माझ्या मते दोन पाटी (म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या) घ्या, चार-पाच महिन्यांच्या, आईचं दूध सुटलेल्या. किंवा एक पाट आणि एक खच्ची केलेला बोकड. खच्ची बोकड फार गुणी असतो: वास मारत नाही, ढुशा कमी देतो, माणसाच्या मागे मागे फिरतो. त्याला धान्य-पेंड मात्र बेतानंच घाला, नाहीतर मुतखडा होऊन लघवी तुंबते आणि ते दुखणं जिवावर बेततं. न खच्ची केलेला बोकड घराजवळ ठेवायच्या भानगडीत पडू नका. माजावर आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर मुततो. तो वास परड्यातून स्वयंपाकघरात येतो आणि मुक्कामाला राहतो.

जात कोणती, यावर लोक तासभर भांडतील. तुमच्या भागात जी आहे ती घ्या. मराठवाड्यात आणि आमच्या बाजूला उस्मानाबादी चालते, बहुतेक काळी, काटक, जुळी देणारी. नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी. कोकणात पाऊस झेलायला कोकण कन्याळच बरी. राजस्थान-पंजाबकडच्या उंच, लांब कानांच्या शेळ्या फोटोत झोकदार दिसतात, पण कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत नवख्या माणसाला त्या सांभाळणं जड जातं.

२. गोठा आधी, शेळी नंतर

मोठ्या शेळीला छपराखाली साधारण दहा चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते. म्हणजे दोघींना सहा बाय पाचचं छप्पर भागतं. मी आठ बाय सहा केलं, कारण उद्या करडं होतातच.

थंडीपेक्षा ओलीची काळजी घ्या. थंडी शेळी सोसते, पण पायाखालचा चिखल सोसत नाही. जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच घ्या, मुरूम भरून चोपा आणि एका बाजूला उतार द्या. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, म्हणून वरून उसाचं पाचट किंवा कडबा टाका. आत एक फळी किंवा जुना बाक ठेवा. शेळीला उंचावर बसायला आवडतं, आणि फळी नसेल तर ती तुमच्या गाडीच्या टपावर बसेल. आमच्या बसली आहे.

कुंपण कमीत कमी चार फूट, जमल्यास पाच. तारेच्या जाळीला शेळ्या पुढचे पाय लावून उभ्या राहतात, त्यामुळे खांब खोल गाडा. आमच्याकडे सीताफळाला त्या तोंड लावत नाहीत, देवाची कृपा. पण अंजिराचं एक रोप अर्ध्या तासात काठी होऊन उभं राहिलं. जे झाड वाचवायचं आहे त्याला वेगळं कुंपण घाला. शेळीला समजावता येत नाही.

पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांत कुठेही असाल तर बिबट्या धरूनच चाला. रात्रीचा गोठा वरूनही बंद हवा, चारी बाजूंनी जाळी हवी आणि दाराला खरी कडी हवी, दोरी नको. कधी हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका. वन विभागाला लगेच कळवा (हेल्पलाइन १९२६). भरपाईसाठी ४८ तासांच्या आत कळवणं आणि पंचनामा होणं गरजेचं असतं. लोक आधी खड्डा खणून पुरतात, मग अर्ज घेऊन फिरतात.

३. आणायच्या आधी घरात काय हवं

- दोन दावी आणि गळपट्टे. दाव्याला भोवरकडी, म्हणजे गरगर फिरणारी कडी लावून घ्या, पीळ बसत नाही. गळ्यात सुरगाठ कधीही मारायची नाही, निरगाठच. मिरीचा गळा आवळला तो माझ्या सुरगाठीमुळे.
- पाण्याची जड घमेली, रोज घासता येतील अशी. शेळी घाण पाण्याला तोंड लावत नाही, तहानलेली राहील.
- वैरण टांगायची सोय. गव्हाण हवी, नाहीतर छपराच्या वाशाला दोरी हवी.
- खनिज मिश्रणाची चाटण वीट.
- थर्मामीटर. शेळीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट. तेवढ्यावर घाबरून डॉक्टरांना फोन करू नका. मी केला होता.
- सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), नख्या कापायला. अंजीरवाल्यांकडे असतोच, शेळ्यांसाठी वेगळा ठेवा.
- दोन आठवड्यांची सुकी वैरण, घरात येऊन पडलेली.

आणि एक फोन नंबर: जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा. शेळी आणायच्या आधी तिथे जाऊन या. डॉक्टरांना तोंडओळख असली की रात्रीच्या फोनला उत्तर मिळतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

४. कुठून घ्यायची

तीन वाटा आहेत.

ओळखीच्या शेळीवाल्याच्या घरून घेणं सगळ्यात चांगलं. आई दिसते, भावंडं दिसतात, गोठा दिसतो. जिथे खोकणारी चार जनावरं दिसतील तिथून चहा पिऊन परत या.

दुसरी वाट सरकारी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं (सरकारी फार्म) आहेत: रांजणी, महूद, दहिवडी आणि इतरत्र. तिथे जातिवंत जनावरं असतात आणि प्रशिक्षणही होतं. पण मिळतील तेव्हा, मिळतील तितकीच. धीर हवा.

तिसरी वाट बाजार. लोणंदचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आमच्या भागात नावाजलेला. बघायला जरूर जा. पहिल्या खेपेला पैसे मात्र घरी ठेवून जा. रुमालाखाली बोटं धरून चाललेला सौदा बघा, भाव कानावर पडू द्या. कुणीतरी हेडी (जनावरांचा दलाल) "ताई, घरचीच शेळी हाय" म्हणत येईल. सकाळपासून त्याच्या घरच्या पंचवीस शेळ्या विकल्या गेलेल्या असतात.

बाजारातल्या तीन जुन्या खोड्या. कास मोठी दिसावी म्हणून आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत. पोट भरलेलं दिसावं आणि वजन वाढावं म्हणून मीठ चारून पाणी पाजतात. आणि आटलेल्या शेळीजवळ दुसरीचंच करडू उभं करतात. करडाला सोडून बघा. आई असेल तर हुंगून पिऊ देईल, नसेल तर लाथ मारेल. "गाभण आहे" या शब्दाला वेगळे पैसे देऊ नका.

५. निवड करताना कुठे कुठे बघायचं

तोंडापासून सुरुवात करा. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे "हिचे दात पडलेत" म्हणून हसं करून घेऊ नका. खाली पुढे आठ असतात. सगळे बारीक, दुधाचे असतील तर वर्षाच्या आतली. मधले दोन मोठे आले की सव्वा वर्षाच्या आसपासची, तिला दोन दाती म्हणतात. चार दाती साधारण दोन वर्षांची, सहा दाती अडीच ते तीनची, आठही मोठे म्हणजे जुळलेली. त्यापुढे दात झिजलेले आणि फटी पडलेले दिसले तर म्हातारी. "पहिल्या वेताची" म्हणून सांगितली आणि दात जुळलेले निघाले, तर पुढचं काहीही ऐकायचं कारण नाही.

मग डोळा. खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढा. आतला रंग गुलाबी-लाल हवा. पांढरट असेल तर बहुधा पोटात जंत आहेत आणि रक्त गेलेलं आहे. जबड्याखाली पिशवीसारखी मऊ सूज असेल तर प्रकरण आणखी पुढे गेलंय. ओठांवर खपल्या म्हणजे मावा (तोंडाला फोड आणणारा संसर्ग) असू शकतो. तो हाताळणाऱ्या माणसाच्या हातालाही लागतो. शेपटीखाली बघा, कोरडं हवं. लेंड्या सुट्ट्या, वाटाण्यासारख्या हव्यात. शेवटी चालवून बघा आणि थोडा पाला पुढे धरा. निरोगी शेळी भर बाजारातही पाला ओढून घेते. मान खाली घालून उभी राहील ती नको.

मिरी मी फक्त डोळे आवडले म्हणून घेतली, पापणी न ओढता. नशीब बरं होतं.

६. कागद

एका शेळीला कसले कागद, असं मलाही वाटलं होतं. हे जवळ ठेवा:

- कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्यातले उपचार यांवर बंधन आहे. बिल्ला आहे का ते पैसे देण्याआधी बघा आणि नोंद तुमच्या नावावर करून घ्या. त्यासाठी आधार आणि मोबाइल क्रमांक लागतो.
- बाजारातून घेतली तर बाजार समितीची पावती. घरून घेतली तर विकणाऱ्याच्या सहीचा साधा कागद: तारीख, रंग, बिल्ल्याचा क्रमांक, रक्कम. शेळ्या चोरीला फार जातात. स्वस्तात मिळालेल्या शेळीमागे पोलीस आले तर हाच कागद कामाला येतो.
- लसीकरणाची नोंद, असेल तर. "सगळे डोस झालेत" ही नोंद नव्हे.
- लांबचा प्रवास असेल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे शेळ्या-मेंढ्यांना सहा तासांहून जास्त प्रवासासाठी तो लागतोच. मी म्हणते कमी अंतरालाही घ्या. त्या निमित्तानं डॉक्टर जनावर बघतात.

७. घरी आणायचा दिवस

पहाटे निघा. छोटा टेम्पो किंवा पिकअप, खाली वाळलेलं गवत किंवा पोती, दोघींना एकत्र. पाय बांधून दुचाकीवर आडवी टाकून आणलेली शेळी रस्त्यात रोज दिसते. तसं आणू नका. निघताना पोटभर खाऊ घालू नका, आणि विकणाऱ्याकडून ती सध्या खाते त्याच वैरणीचं एक गाठोडं मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

घरी उतरल्यावर आधी पाणी, थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून. मग सुकी वैरण. मग त्यांना सोडून द्या आणि बाजूला व्हा.

आमच्याकडे मात्र जिरी आली तो रविवार होता. नणंद, तिची मुलं, शेजारची मुलं असे सगळे जमले. कुणी शिळी भाकरी दिली, कुणी बिस्किटं, आणि एका पोरानं ज्वारीच्या पिठाचा डबाच पुढे केला. संध्याकाळी जिरी कोपऱ्यात दात करकर खात बसली. रवंथ बंद, डावी कूस तटतटलेली. डॉक्टर रात्री साडेनऊला आले. त्यांनी सोड्याचं पाणी पाजलं, इंजेक्शन दिलं आणि मला शांतपणे सांगितलं की शेळीच्या पोटात लाखो जिवांचं आंबवण चाललेलं असतं. एकदम पीठ-धान्य पडलं की ते आंबट होऊन बसतं आणि शेळी मरते. त्या रात्री ती वाचली. तेव्हापासून आमच्या फाटकावर पाटी आहे: "शेळ्यांना काही देऊ नये. विचारू सुद्धा नये."

डॉक्टरांनी एक गोष्ट शिकवली ती तुम्हीही शिकून घ्या. शेळीच्या डाव्या कुशीवर, बरगडी संपते तिथे, मूठ दाबून ठेवा आणि मिनिटभर थांबा. आतून एक-दोनदा लाट आल्यासारखी मूठ वर उचलली जाते. ती आली तर पोट चालू आहे. नाही आली तर फोन करा. घरच्या घरी औषध पाजायची घाई करू नका. मान वर ताणून नळ्यानं पाजलेलं फुफ्फुसात जातं आणि तेच मारतं.

८. पहिले तीन आठवडे

घरात आधीची जनावरं असतील तर नव्या शेळ्या तीन आठवडे लांब ठेवा. पाण्याचं भांडंही वेगळं हवं. नव्या शेळ्यांचं काम सगळ्यात शेवटी करायचं आणि मग हातपाय धुवायचे.

पहिल्या आठवड्यात ताज्या लेंड्या डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. जंताचं औषध त्यावरून, आणि मात्रा वजनावरून. शेळी गाभण असायची शक्यता असेल तर ते आधी सांगा, काही औषधं त्यात चालत नाहीत.

लसी डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला नावं माहीत हवीत. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग): तीन-चार महिन्यांच्या वयानंतर, तिचं संरक्षण तीन वर्षं राहतं. आंत्रविषार (आतड्यात विष तयार होतं तो आजार): दरवर्षी पावसाळ्याआधी, आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. हा दुसरा डोस सगळे विसरतात. मग मृगाचा पाऊस पडतो, कोवळं गवत येतं, जनावर अधाशासारखं खातं आणि सकाळी धडधाकट असलेलं करडू संध्याकाळी पाय झाडत मरतं. लाळ्या खुरकत दर सहा महिन्यांनी, घटसर्प (माणसांचा नव्हे, जनावरांचा) पावसाळ्याआधी. प्रवासानं दमलेल्या किंवा आजारी शेळीला लगेच टोचून घेऊ नका, आधी आठवडाभर रुळू द्या.

९. रोजचं खाणं

शेळी काहीही खाते ही थाप आहे. ती सगळ्याला तोंड लावून बघते आणि त्यातलं निवडून खाते. जमिनीवर पडलेला, पाय दिलेला पाला ती खाणार नाही. तोच डहाळा तिच्या तोंडाच्या उंचीला टांगा, साफ होतो.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर सुकं (तुरीचं भुसकट, हरभऱ्याचा भुसा, कडब्याची कुट्टी) आणि चार-पाच लिटर पाणी पुरतं. पेंड-भरड्याचा खुराक गाभण किंवा दुभत्या शेळीला अडीचशे ग्रॅमच्या आसपास. नुसती हौशी, न व्यालेली शेळी असेल तर मूठभर, तोही जवळ बोलावायला. बांधावर शेवरी, शेवगा, दशरथ घास लावून टाका, वर्षात फरक कळेल. सुबाभूळ त्यांना जीव की प्राण, पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, सतत खाल्ली की केस गळतात.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी: कण्हेर, घाणेरी, फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी (विशेषतः पाणी तुटलेली), औषध फवारलेला कुठलाही पाला. निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा. हारातली कण्हेरीची फुलं कुठे टाकता तेही बघा.

नख्या दीड-दोन महिन्यांनी बघा. खडकाळ रानात हिंडणाऱ्या शेळीच्या आपोआप झिजतात, अंगणातल्या शेळीच्या चपलेसारख्या वाढतात. दूध काढत असाल तर उकळूनच प्या. "धारोष्ण"चं कौतुक राहू द्या.

१०. बोकडाचा प्रश्न

पाट वर्षाची झाली की कधीतरी दिवसभर ओरडेल, शेपटी हलवेल, खाणं टाकेल. आजारी नाही ती, माजावर आलीय. दर एकवीस दिवसांच्या आसपास हे होणार. बोकडाला लावलीत तर पाच महिन्यांनी करडं, आणि उस्मानाबादी असेल तर बहुधा जुळी. त्यातलं निम्मं बोकड निघणार. दोन शेळ्यांच्या तीन वर्षांत दहा कशा होतात ते वहीत मांडून बघा, वीस गुंठ्यांत.

बोकडांचं काय करणार, हे शेळी लावायच्या आधी घरात बोलून घ्या, पोरांसमोर. विकलात तर तो कुठे जातो हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला गोंडस नाव देऊ नका. विकणार असाल तर त्याचं नाव ठेवू नका. ठेवणार असाल तर दवाखान्यात नेऊन वेळेवर खच्ची करून घ्या. कोणत्या वयात, ते डॉक्टरांना विचारा. लघवीची नळी नीट वाढावी म्हणून काही डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. विकायचं नाही आणि वाढवायचंही नाही, तर शेळी लावूच नका.

आम्ही मिरीला एकदा लावली. एक पाट झाली, एक बोकड. पाट आक्कांकडे गेली. बोकडाचं नाव नातीनं पहिल्याच दिवशी धने ठेवलं, त्यामुळे प्रश्न मिटला. आखाड लागला की दरवर्षी फाटकाशी एखादी मोटारसायकल थांबते. माणूस आत न येता, धन्याच्या पाठीवर नजर फिरवत विचारतो, "द्यायचाय का?" मी पाटीकडे बोट दाखवते.